बोनेटमधून धुराचा वास यायलाय? गॅरेजला नेण्याआधी आदल्या रात्री काय तयारी करायची

डिझेल गाडीच्या बोनेटमधून सायलेन्सरसारखा वास येत असंल तर पहिलं काम म्हणजे उठसूट गॅरेजला पळू नका. कारण सायलेन्सरपर्यंत जायच्या आधीच धूर जिथून निसटतो तो लीक सापडायची वेळ एकच, सकाळचं पहिलं स्टार्ट. रात्रभर थंड झालेलं लोखंड आकसलेलं असतं, मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारं नळकांडं) पॅकिंगची फट उघडी असते, स्टार्ट मारला की टिकटिक ऐकू येते, आणि इंजिन तापलं की लोखंड फुगून फट बुजते न आवाज गायब. तुम्ही गेवराईवरून तापलेली गाडी घेऊन बीडला मिस्त्रीकडं जाता, तो बोनेट उघडून कान लावतो, म्हणतो काही नाही भाऊ, सायलेन्सर ओके आहे, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच ऐकू येत नसतं. म्हणून जी काय तयारी करायची ती रात्रीच. सकाळी ती दोन मिनिटं हुकली तर पुन्हा गाडी थंड होईपर्यंत बसा वाट बघत.

गाडी उघड्यावर लावा. पत्र्याच्या शेडमध्ये, शटर ओढलेल्या गाळ्यात ही टेस्ट अजिबात नको. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो पण असतो, आणि त्याला वास नसतो, म्हणजे वास कमी झाला म्हणून धोका कमी झाला असं समजायचं नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2012 मध्येच डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलाय. गाडी चालवताना डोकं जड पडत असंल, डोळे चुरचुरत असतील, लेकरं मागच्या सीटवर मळमळतंय म्हणत असतील तर ते फक्त उन्हामुळं आहे असं धरून चालू नका.

त्याच्याआधी वास नेमका कशाचा ते ठरवा, अर्धं काम तिथंच होतं. कच्च्या डिझेलचा वास असंल तर तो धूर नाही, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवरचा रिटर्न पाइप नाहीतर फिल्टरपाशी कुठंतरी डिझेल पाझरायलंय. जळकट तेलाचा वास असंल तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) पॅकिंगमधून ऑइल खाली तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असंल. गोडसर वास आला तर कूलंट. आणि नाकात झोंबणारा, डोळ्यात पाणी आणणारा असंल तरच तो एक्झॉस्ट, म्हणजे आपला विषय. हे दोन-तीन दिवस मोबाईलमध्ये लिहून ठेवा: सिग्नलला उभं असताना येतो का पळताना, एसी आतली हवा फिरवत होता का बाहेरची घेत होता. बाहेरची हवा काचेच्या खाली, वायपरच्या जाळीतून आत येते, म्हणजे बोनेटच्या अगदी पाठीमागूनच, त्यामुळं उभ्या गाडीत बाहेरची हवा चालू केली की वास आणि बंद केली की कमी, असं होत असंल तर बोनेटवर बोट ठेवायला हरकत नाही. पळताना खिडकी उघडल्यावरच येत असंल तर डिक्कीचं रबर बघा, मागचा धूर आत ओढला जात असतो. आणि एक, उसाच्या सीझनमध्ये केज-अंबाजोगाई रोडला ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं अडकलेले असताना आलेला वास हिशोबात धरू नका, तो तुमचा नाही.

आता सामान. हेडटॉर्च असंल तर उत्तम, नाहीतर साधी टॉर्च आणि व्हिडिओ काढायला मोबाईल. गवंडी लेव्हल काढायला जो पारदर्शक पाइप वापरतात ना, त्याचा हातभर तुकडा, एक टोक कानाला न दुसरं इंजिनवर फिरवायचं, दहा हजाराच्या स्टेथोस्कोपला भारी पडतो. फवारणीची छोटी बाटली, त्यात पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण. जाड चामडी हातमोजे, पांढरी सुती फडकी, खूण करायला खडू. कॉम्प्युटर साफ करायचा ब्लोअर कुणाकडून मिळाला तर मागून आणा. आणि एक शहाणा माणूस, जो ड्रायव्हर सीटवर बसून सांगितलं तेवढंच करील, विनाकारण रेस देणारा नको. तुमच्या गळ्यातला रुमाल, शर्टाची लोंबती बाही, हातातला दोरा, सगळं आवरून घ्या, बेल्ट फिरत असतो आणि रेडिएटरचा फॅन कधीही आपोआप सुरू होतो.

संध्याकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा, बहुतेक गाड्यांत ते रबरी बुचांवर बसवलेलं असतं, हळू ओढलं की निघतं. आणि काढल्या काढल्या फडकं मारू नका! आधी फोटो. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ सगळ्या इंजिनवर बसलेली असते आणि हीच धूळ इथं कामाला येते, लीक जिथं आहे तिथं धूळ उडून गेलेली असते आणि बाजूला काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसते. सर्व्हिसिंगला प्रेशरनं इंजिन धुवून घेणारे लोक हा पुरावाच धुवून टाकतात वर कनेक्टरमध्ये पाणी जातं ते वेगळंच. इंजेक्टरच्या बुडाशी बघा, तिथं डांबरासारखं काळं, कडक काही साचलेलं असंल तर समजा की इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर गेलाय आणि सिलिंडरमधला जळलेला गॅस वर यायलाय. 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनवाल्या जुन्या स्विफ्ट-डिझायर असोत नाहीतर बोलेरो, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरला एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल जातं त्या) गाड्यांत हे नेहमीचं दुखणं आहे. लवकर सापडलं तर वायसरवर भागतं, वर्षभर चालढकल केली तर इंजेक्टर त्या कार्बनमध्ये असा चिकटतो की काढताना तुटतो आणि मग हजाराच्या कामाचा आकडा कुठच्या कुठं जातो. फोटो झाले की मग त्या जागा कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा, म्हणजे सकाळी नवी काजळी कुठं उमटते ते दिसंल.

सकाळी चावी फिरवण्याआधी व्हिडिओ चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. स्टार्ट झाला की पाइप कानाला लावून आधी इंजेक्टरपासून सुरुवात करा, एकेकाच्या बुडाशी साबणाचं पाणी थोडं सोडा, लीक असंल तर फुस्-फुस् तालावर बुडबुडे येतात, दुसरा पुरावा लागत नाही. हात लावून हवा बघायचं डोक्यातसुद्धा आणू नका, त्या डिझेल लाइनमध्ये प्रेशर हजार बारच्या वरसुद्धा जातं, बारीक भोकातून निघालेली धार कातडीच्या आत घुसते आणि ऑपरेशन करायची वेळ येते. मग मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेडचा जोड, तिथले स्टड (जोड आवळून धरणारे बोल्ट) मोजा, एखादा तुटून गेलेला असतो न कुणाच्या लक्षात येत नाही. मग ईजीआरचा पाइप (थोडा धूर परत इंजिनमध्ये नेणारा) आणि त्याची पॅकिंग, टर्बोचे (धुराच्या जोरावर फिरून इंजिनमध्ये हवा कोंबतो तो) दोन्ही बाजूचे जोड, आणि टर्बोच्या खालचा जाळीचा फ्लेक्झिबल पाइप, तो वरून धड दिसतो पण जाळीच्या आत फाटलेला असतो. मॅनिफोल्ड तापला की त्याच्यावर पाणी मारायचं बंद, बिडाचं लोखंड तडकतं. आवाज फारच बारीक असंल तर सोबतच्या माणसानं हातमोजे घालून ओलं जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर फक्त दोन-तीन सेकंद दाबायचं, आयडलवरच, आतलं प्रेशर वाढतं आणि लीकची फुसफुस लगेच मोठी होते.

काहीच सापडलं नाही तर दुपारी पुन्हा गाडी गार असताना इंजिन बंद ठेवून ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडात घाला, भोवतीनं फडकं कोंबा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारत बसा, सावकाश, इथं घाई नाही. ब्रीदर पाइपही बघून घ्या, तो निसटलेला असंल तर इंजिनच्या आतला तेलकट गॅस बोनेटमध्ये येतो. ऑइलचं झाकण उघडल्यावर डिझेलमध्ये थोडी वाफ येतेच, पण भक्कम भपकारे यायला लागले तर ते पिस्टनच्या रिंगा झिजल्याचं प्रकरण, त्याची यादी वेगळी. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) वायरी आत जातात तिथली रबरं उंदरांनी खाल्लीत का तेही टॉर्च मारून बघा, लीक छोटा असूनही केबिनमध्ये वास जास्त असंल तर वाट तिथून असते.

पिकअप पडलाय का हेही आठवून ठेवा. लीक टर्बोच्या आधी असंल तर टर्बोला फिरवणारा गॅसच बाहेर जातो, मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी दमल्यासारखी वाटते. टर्बोच्या नंतर असंल तर ताकद तशीच राहते, नुसता आवाज आणि वास. मिस्त्रीला हे सांगितलं की त्याचा निम्मा वेळ वाचतो. पीयूसी पास आहे हे मात्र त्याला सांगू नका, ती नळी सायलेन्सरच्या तोंडाला लावतात, बोनेटमधल्या लीकचा तिला पत्ताच लागत नाही.

काम होईपर्यंत एसी आतल्या हवेवर ठेवून समोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, बेचाळीसच्या उन्हात नको वाटतं, माहितीय, तरी ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसांना न लेकरांना घेऊन लांबचा प्रवास टाळा. गॅरेजमध्ये एम-सील, अॅल्युमिनियम टेप असले उपाय सुचवले तर सरळ नाही म्हणा, मॅनिफोल्ड काही शे डिग्रीला जातो, तिथं ते टिकत नाही. वायसर बदलताना जुनाच घासून परत टाकायचा नाही, इंजेक्टरची बैठक कटरनं साफ केली का ते उभं राहून बघायचं, क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायचा. जुने वायसर आणि तुटलेला स्टड मागून घ्या. जमलं तर गाडी रात्री त्यांच्याच दारात राहू द्या, सकाळी गार इंजिनचा पहिला स्टार्ट दोघांनी मिळून ऐका आणि मग बाकीचे पैसे द्या.