गिटारची खरखर: स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी
इलेक्ट्रिक गिटार खरखरली की मी पूर्वी थेट स्क्रूड्रायव्हर उचलायचो. एकदा तारा काढून आतलं सोल्डरिंग सगळं नव्याने केलं, आणि दोष निघाला केबलचा! तेव्हापासून आधी दुसरी केबल लावून बघतो.

केबल ठीक असेल तर कान द्या. नॉब फिरवतानाच खरखर येते? मग पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागात) धूळ आहे. गिटार अँपपासून (अँप्लिफायरपासून) सोडवा, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर (विद्युत जोड साफ करणारा स्प्रे) थोडासाच मारा आणि नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. प्लग हलवल्यावर कडकड होत असेल तर जॅकचा (गिटारवरच्या केबल खोचायच्या सॉकेटचा) नट आवळा. आवळताना आतला जॅक फिरू देऊ नका, वायरी पिळून तुटतात (हेही अनुभवाचेच बोल).

सतत गुणगुण येते आणि तारांना हात लावताच कमी होते? म्हणजे तारांचं ग्राउंडिंग (अर्थिंग) शाबूत आहे, शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) कमी पडतंय. आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावा. सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले हवेत. सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाची) थोडी गुणगुण तरीही राहणारच.

सगळ्यात फसवी खरखर पिकगार्डची, म्हणजे गिटारच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या संरक्षक पट्टीची. कोरड्या हवेत बोटं प्लास्टिकवर घासून स्थिर वीज साठते आणि अँपमध्ये तडतडते. किंचित ओलसर फडक्याने पुसा. तडतड थांबली, तर चोर सापडला. मग पिकगार्डच्या मागे फॉइल लावून ते ग्राउंडला जोडा.

तारांतून झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा. आणि अँप स्वतः उघडू नका: प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.