जुना डीटीबी, नवा कर्नल आणि अकरा दिवस

लिंकचा दिवा लागलेला, इथटूल (नेटवर्क पोर्टची स्थिती दाखवणारी कमांड) १००० एमबीपीएस फुल डुप्लेक्स दाखवतंय, आणि पिंगला एकही उत्तर नाही. कर्नल ४.१९ वरून ५.४ वर नेला त्या दिवशी हे पाहिलं आणि पुढचे अकरा दिवस केबल, स्विच आणि स्वतःच्या अकलेवर शंका घेण्यात गेले. डिव्हाइस ट्री काय असते, कम्पॅटिबल स्ट्रिंग ड्रायव्हरशी कशी जुळते, हे तुम्हाला येतं असं धरून लिहितेय.

आमचे बोर्ड आधीच बाहेर बसवलेले होते. डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीची कम्पाइल केलेली फाइल, बूटलोडरसोबत फ्लॅशमध्ये, त्याला हात लावायचा नाही. अपडेटमध्ये फक्त कर्नल आणि रूट फाइलसिस्टम. म्हणजे चार वर्षं जुन्या डीटीबीवर नवा कर्नल उठलाच पाहिजे. ही अपेक्षा अवाजवी नाही. बाइंडिंग, म्हणजे डिव्हाइस ट्रीत काय कसं लिहायचं याचे नियम, हा स्थिर एबीआय (न मोडायचा करार) मानायचा आणि जुन्या डीटीबीवर नवा कर्नल चालायला हवा, हे कर्नलच्या दस्तऐवजांतच लिहिलेलं आहे. ते वाचून मी निर्धास्त झाले, आणि तिथेच फसले.

ते वचन बाइंडिंगमध्ये जे लिहिलंय त्यापुरतं आहे. तुमची डीटीएस (डीटीबीचा मूळ मजकूर) मुळात चुकीची असेल आणि ड्रायव्हरच्या ढिलाईमुळे आजवर चालत आली असेल, तर ते वचन तुमच्या कामाचं नाही.

आमच्या डीटीएसमध्ये फाय-मोड नुसता ‘आरजीएमआयआय’ लिहिलेला होता. आरजीएमआयआय म्हणजे मॅक (इथरनेटची कंट्रोलर बाजू) आणि फाय (केबलकडची चिप) यांच्यातला दुवा. हे सविस्तर सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. गिगाबिटला आरजीएमआयआयचा क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ असतो आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर जातो, म्हणजे एका बिटाला जेमतेम ४ नॅनोसेकंद. डेटा आणि क्लॉक एकाच वेळी निघाले तर क्लॉकची कड नेमकी डेटा बदलत असताना येते आणि समोरचा कचरा वाचतो. म्हणून क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद मागे ठेवावा लागतो. हा विलंब बोर्डवरचा ट्रेस (तांब्याची रेघ) लांब करून मिळतो, मॅकमधून मिळतो किंवा फायमधून. नुसतं ‘आरजीएमआयआय’ लिहिलं की अर्थ होतो: फायने विलंब घालू नये, तो दुसरीकडे घातलेला आहे. ‘आरजीएमआयआय-आयडी’ म्हणजे दोन्ही दिशांचा विलंब फायने घालावा. ‘-आरएक्सआयडी’ आणि ‘-टीएक्सआयडी’ एकेका दिशेसाठी: आरएक्स म्हणजे येणारा डेटा, टीएक्स म्हणजे जाणारा.

आमच्या बोर्डवर ट्रेस सारख्याच लांबीचे होते आणि मॅक विलंब घालत नव्हता. म्हणजे ‘-आयडी’ हवं होतं. तरी चार वर्षं चाललं ते असं: एटी८०३एक्स फायमध्ये हार्डवेअर रिसेटनंतर आरएक्सचा विलंब आपोआप चालू असतो, टीएक्सचा आमच्या बूटलोडरने चालू केला होता, आणि जुना ड्रायव्हर दोन्ही बंद करण्याच्या फंदात पडत नव्हता. २०१९ मध्ये ड्रायव्हर दुरुस्त झाला. ‘आरजीएमआयआय’ दिसलं की त्याने दोन्ही विलंब बंद केले. ड्रायव्हर बरोबर होता. चूक आमच्या डीटीएसमध्ये होती, पहिल्या दिवसापासून.

आणि लक्षणं किती दिशाभूल करतात बघा. बूटलोडरमध्ये टीएफटीपीने (नेटवर्कवरून) फाइल उतरवणं व्यवस्थित चालायचं, म्हणून हार्डवेअर ठीक धरलं. वेग १०० वर आणला की पिंगही चालायचा, म्हणून केबल बदलत बसले. खरं तर १०० ला क्लॉक २५ मेगाहर्ट्झवर येतो आणि एका क्लॉकमध्ये एकदाच डेटा बदलतो, त्यामुळे २ नॅनोसेकंदांची चूक खपून जाते. १०० वर चालतं आणि १००० वर नाही, आरएक्समध्ये सीआरसी चुका (डेटा बिघडून आल्याच्या नोंदी) वाढताहेत, असं दिसलं तर केबल एकदाच बदला आणि लगेच फाय-मोड उघडा.

शेवटी गिट बायसेक्ट केलं, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटने आणला ते मधोमध कापत शोधलं. कमिट हजारोंनी असले तरी दर वेळी निम्मे कमी होतात. सतराएक बिल्डमध्ये तो कमिट हाती लागला. एका सिनियरांनी सांगितलं, ‘तेवढा रिव्हर्ट कर आणि पुढे चल.’ मी केलाही. करू नका. तो पॅच प्रत्येक अपग्रेडला तुमच्या मानगुटीवर बसतो आणि दोन वर्षांनी तो का घातला हे कुणालाच आठवत नाही. दुसऱ्या टीममधल्या एकीने फक्त विचारलं, ‘स्कीमॅटिक पाहिलंस का?’ म्हणजे बोर्डचा सर्किट-आराखडा. उत्तर फेकणाऱ्यापेक्षा असा प्रश्न विचारणारं माणूस शोधा, मग ते तुमच्या टीममध्ये नसलं तरी चालेल.

फ्लॅशमधला डीटीबी बदलता येत नव्हता, पण बूट स्क्रिप्ट रूट फाइलसिस्टममध्ये होती. यू-बूट या बूटलोडरच्या ‘एफडीटी सेट’ने कर्नल उठण्याआधी फाय-मोडची ती एक प्रॉपर्टी मेमरीतच बदलली. रोलबॅक झाला तर काय, म्हणून जुन्या कर्नलवरही तपासलं. जुना ड्रायव्हर ‘-आयडी’ला दोन्ही विलंब चालूच करायचा.

इतर खड्डे उथळ आहेत. ५.१० पासून एमएमसी (मेमरी कार्डाचे) ड्रायव्हर असिंक्रोनस, म्हणजे ठरावीक क्रमाविना, प्रोब होतात, त्यामुळे एमएमसीबीएलके या डिस्कच्या नावातले ० आणि १ अदलाबदल होऊ शकतात. नव्या डीटीएसमध्ये एलियास (ठरलेला क्रमांक) देता येतो, पण जुन्या डीटीबीत तो नसणार, तेव्हा रूट पार्ट-यूयूआयडीनेच (पार्टिशनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने) द्या. ६.५ मध्ये ३२ बिट आर्मच्या डीटीएस फाइल उत्पादकांच्या नावाच्या फोल्डरांत गेल्या, त्यामुळे ट्रीबाहेर ठेवलेल्या डीटीएसचे इन्क्लूड तुटतात. याला घाबरू नका, कम्पायलर लगेच ओरडतो आणि अर्ध्या तासात निस्तरतं.

डीटीबीएस-चेक (डिव्हाइस ट्री नियमांत बसते का हे तपासणारं कर्नलचं साधन) चालवाच, पण त्याच्यावर विसंबू नका. नुसतं ‘आरजीएमआयआय’ त्याच्या दृष्टीने अगदी वैध आहे. तुमच्या बोर्डवरचे ट्रेस त्याला दिसत नाहीत. अजूनही अपग्रेडच्या आदल्या दिवशी मला धडधडतं. तेव्हा मी चालू बोर्डवरचा एफडीटी (मेमरीतली डिव्हाइस ट्री) उतरवून डीटीसी या कम्पायलरने परत मजकुरात आणते, स्कीमॅटिक शेजारी उघडते आणि फाय, रेग्युलेटर, इंटरप्टचे फ्लॅग ओळीओळीने ताडून बघते. दुपार जाते. मागच्या वेळी त्यात एका टचच्या इंटरप्टची पोलॅरिटी उलटी सापडली, आणि तीही चार वर्षं चालतच होती.