आशाताईसोबत बसायचं कसं? नव्या गटप्रवर्तकांसाठी

गटप्रवर्तक म्हणजे गावोगावच्या आशांच्या, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामावर देखरेख ठेवणारी. नव्याने गटप्रवर्तक झालेल्या मुली फोन करतात, "ताई, आशा खरं सांगतच नाहीत, काय करू?" माझ्याकडे जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या 22 आशा आहेत. पहिली दोन वर्षं त्या मलाही खरं सांगत नव्हत्या, कारण माझी विचारायची पद्धतच तशी होती.

नवजात बाळाच्या गृहभेटी ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी; घरी झालं तर पहिल्या दिवशीची जास्तीची. एका आशाच्या फॉर्मवर पहिल्या तिन्ही भेटींना वजन 2.5, 2.5, 2.5 किलो. मासिक सभेत मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काटा अडकलाय का गं?" सगळ्या हसल्या, तीही हसली. पुढच्या बाळाची वजनं आली 2.4, 2.6, 2.9. तीही मनानेच घातलेली. माझ्या बोलण्यातून ती एवढंच शिकली, की आकडे सारखे लिहायचे नाहीत.

म्हणून बाळंतिणीच्या ओट्यावर आशाला जाब विचारू नका. ती त्या गावची सून असते. आत चुलीपाशी बसलेली म्हातारी बहुतेक वेळा तिच्याच भावकीतली. तिथं तुम्ही आवाज चढवलात की तिचा शब्द पडला. उद्या लसीकरणाला बोलवायला त्याच दारात तिलाच जायचंय, तुम्हाला नाही. बाळाला धोका असेल तर तिथंच हालचाल करा. बाकीची चूक गिळा आणि परतीच्या वाटेवर काढा. मागेपुढे चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणं सुटतं. वही पिशवीत. प्रश्नही "का नाही केलंस?" असा नको, "कुठं अडलं?" असा हवा.

त्या आशाला मी हे वाडीवरून बांधाने उतरताना विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आजी पाचवी होईपर्यंत बाळ झोळीत टांगू देत नाही. काट्याला झोळी लटकलेली बघूनच ओरडते."

अंधश्रद्धेवर भाषण माझ्या तोंडाशी आलं होतं. ते आवरून विचारलं, "मग आजीला काय चालेल?" ती दहा पावलं गप्प. मग म्हणाली, "तिचं स्वतःचं लुगडं." दुसऱ्या दिवशी परत गेलो. लुगड्याचा मऊ तुकडा झोळीत अंथरला, बाळ आजीनेच ठेवलं आणि खालून हात धरून राहिली. काटा वाचेपुरता तो हात वीतभर खाली घ्यायला लावला. 2.1 किलो! आदल्या दिवशी फॉर्मवर 2.5 पडले असते, तर ते बाळ कमी वजनाच्या यादीत आलंच नसतं. तोडगा आशाचा होता, हे आजीसमोर मोठ्याने म्हणा. ते मात्र चारचौघांत म्हणायचं.

बाळ दगावलं तर अन्वेषणाचा, म्हणजे ते कशाने गेलं याच्या चौकशीचा, फॉर्म भरावा लागतोच. पण आधी आशाच्या घरी जा, रिकाम्या हाताने. आपल्याकडे मयताच्या घरी बसायला जातात ना, तसं तिच्याकडेही बसायला जायचं. महिनोन्महिने त्या पोटावर लक्ष ठेवलेलं असतं तिनं, आणि गावात कुणीतरी "आशाच वेळेवर आली नाही" म्हणून गेलेलं असतं. चहा दिला तर नको म्हणू नका; तो करताना ती पाठमोरी असते आणि खरं तेव्हाच बोलते. तिथं ऐकलेलं व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. एकदा गेलं तर पुढची दोन वर्षं "सगळं ठीक आहे मॅडम" एवढंच ऐकाल.

भाताच्या आवणीच्या दिवसांत कुणाला बसवून ठेवू नका, बांधावर उभ्याउभ्या बोला. एरवी मासिक सभेनंतर वीस मिनिटं वह्या मिटून गोल बसा. सुरुवात वयाने मोठ्या आशाने करावी. ती आपली फजिती सांगते, मग नव्या बोलतात.

राहिला प्रश्न आपला. माझं ऐकायला शेजारच्या आरोग्य केंद्राची गटप्रवर्तक आहे. दर रविवारी भाकरी झाल्या की मी तिला फोन लावते. निम्मा वेळ ती नुसतं "हं" म्हणते, आणि तेवढंच ठरलंय आमचं.