नवं यकृत बसलं, आता मांड्यांकडे बघा

मी प्रत्यारोपणाच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालं, रिपोर्ट सुधारले, की घरचे म्हणतात, "आता विश्रांती घेऊ दे, ताकद येईल हळूहळू." नुसत्या विश्रांतीनं ती येत नाही.

स्नायू झिजलेले असतात ते ऑपरेशनच्या बरेच आधीपासून. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं त्या आजारात, यकृतातला साखरेचा साठा इतका कमी होतो, की एका रात्रीचं उपाशी राहणं शरीराला दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यासारखं पडतं. मग शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. त्यात पोटात पाणी साठलेलं असेल तर वजनकाटा जागचा हलत नाही आणि झीज कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी काट्यापेक्षा दंड आणि मांडी बघते. ऑपरेशननंतर अंथरुणावरचे दिवस आणि शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेली स्टिरॉइड यांचाही फटका बसतो, तोही नेमका मांड्या आणि कमरेच्या स्नायूंना.

सुरुवात पलंगावरून उठण्यापासून. सरळ उठून बसू नका, टाक्यांवर ताण येतो. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी गादी दाबत उठा. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरा. चालायचं ते थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. चालताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा.

आता खुर्ची. माझा सगळ्यात जास्त भर हिच्यावर असतो. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या, शेजारी कुणीतरी उभं राहू दे. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर, आणि श्वास सोडत उभे राहा. जमत नसेल तर खाली जाड उशी घेऊन बैठक उंच करा. पुढे ती काढता येते. माझं लक्ष मात्र बसण्याकडे असतं. शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसत असाल, तर मांडी अजून तयार नाही. हळू, ताबा ठेवून बसा. मांडीला खरं काम तिथेच होतं. पाच वेळा उठबस करायला किती सेकंद लागले ते दर आठवड्याला वहीत लिहा. यकृताच्या रुग्णाचा अशक्तपणा मोजताना आम्हीही हेच बघतो, सोबत हाताची पकड आणि तोल.

वजन उचलायची घाई नको. पोटावरचा छेद मोठा असतो, तिथे हर्निया होऊ शकतो. साधारण पहिले ६ ते १२ आठवडे ५ किलोच्या आतच राहावं लागतं. तुमची मर्यादा सर्जनकडूनच घ्या. पोटाचे व्यायाम त्यानंतरच. तोवर टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून दाबणं, आणि परवानगी मिळाली की रबरी पट्टी, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून.

व्यायाम आहे आणि प्रथिनं नाहीत, तर स्नायू बनणार कशातून? सर्वसाधारण गरज वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा आहारतज्ज्ञ ठरवतील. प्रतीक्षा यादीत असलेल्यांनी तर "यकृत खराब, प्रथिनं बंद" हे मनातून काढूनच टाका, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाच, म्हणजे रात्रीची ती उपासमार टळते. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर जोर लावताना श्वास कोंडू नका.

ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, जखमेतून पाणी आलं, खोकताना छेदाजवळ फुगवटा दिसला, एका पोटरीला सूज आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि प्रत्यारोपण टीमला त्याच दिवशी फोन करा. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.