इंदूरच्या चॅनलवरचे व्ह्यूज ४०–५०च्या पुढे जात नव्हते: काय केल्यावर वाढले

इंदुरी मराठी घरातला स्वयंपाक दाखवणारं माझं यूट्यूब चॅनल. व्हिडिओ कोणताही टाका, व्ह्यूज ४०–५०, तेही नातेवाइकांचे. रोज व्हिडिओ टाकला, ढीगभर हॅशटॅग लावले, घरच्या ग्रुपवर लिंक पाठवली. आठ महिने असे गेले, रडू यायचं.

शेवटी यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं यूट्यूबचं पान) भुट्ट्याच्या किसाचा व्हिडिओ उघडून ॲनालिटिक्समधला प्रेक्षक टिकण्याचा आलेख पाहिला. ३० सेकंदांतच रेघ घसरलेली. सुरुवातीला राजवाड्याची दृश्यं, संगीत आणि माझा नमस्कार; किसणीवर कणीस यायचं ते ५२व्या सेकंदाला!

मग या क्रमाने केलं. कंप्युटरवर स्टुडिओत 'कंटेंट', तो व्हिडिओ, डावीकडे 'एडिटर', 'ट्रिम अँड कट', 'न्यू कट'. लाल चौकट ० ते ५० सेकंदांवर ओढली, बरोबरची खूण, 'सेव्ह'. प्रक्रियेला काही तास लागतात, तोवर जुनाच व्हिडिओ दिसतो. लिंक, व्ह्यूज, कमेंट तशाच राहतात, म्हणून डिलीट करून पुन्हा टाकू नका.

त्यानंतर शीर्षक. 'भुट्टे का कीस' आपल्या इंदुरातलं. पुण्या-नाशिकचे लोक 'मका' म्हणतात. म्हणून 'मक्याचा कीस (इंदुरी भुट्ट्याचा कीस)' केलं. थंबनेलवर (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) माझ्या चेहऱ्याऐवजी कढईतला, कडेने तूप सुटलेला कीस लावला. स्टुडिओत त्या व्हिडिओच्या माहितीखाली 'शो मोअर'मध्ये व्हिडिओची भाषा हिंदी राहिली होती, ती मराठी केली.

तीन आठवड्यांत त्याच व्हिडिओला ६०० व्ह्यूज, बहुतेक सर्चमधून. आता बाकीचे व्हिडिओ एकेक करून असेच कापतेय.