जुनी कट्यार, खंजीर घेताय? आधी जोड बघा

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत शोभेची खंजिरं मिळतात ती सोडा, ती नकली असतात हे सगळ्यांनाच माहितंय. पण मंगळवार बाजाराकडं भंगारात किंवा ओळखीतून कोणी "वाड्यातली कट्यार हाय, आजोबांची" म्हणून काही दाखवलं की खरा घोळ सुरू होतो, कारण बऱ्याचदा ती वस्तू पूर्ण खोटी पण नसते आणि पूर्ण खरी पण नसते. पातं जुनं, मूठ नवी, म्यान तिसरीकडचं, असला प्रकार असतोय.

आता जोडलेली आहे म्हणून लगेच फेकून देऊ नका. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातून पाती यायची आणि आपल्याकडं त्याला आपली मूठ बसवायचे, फिरंग तलवार म्हणजे तीच की. कट्यारींना पण तुटलेल्या युरोपियन तलवारीची पाती रिव्हेट मारून बसवलेली सापडतात आणि ती अस्सल जुनी असतात. म्हणजे प्रश्न जोड आहे का नाही हा नाहीच, जोड कधीची आहे हा आहे.

ते बघायला भिंग आणि टॉर्च घ्या. पात्यावर खड्डे पडलेत, काळपट घट्ट गंज आहे आणि शेजारचीच मुठीची पट्टी गुळगुळीत, तर दोघांचं आयुष्य वेगळं गेलंय. रिव्हेटची डोकी चमकतायत का, आजूबाजूला हातोड्याचे ताजे घाव आहेत का ते बघा. फटीत मळ आणि जुनं तेल बसलेलं पाहिजे, तिथं एपॉक्सी, म्हणजे आजकालचा घट्ट होणारा गोंद, दिसली तर जोड आत्ताची. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च अंधारात मारली तर बरीचशी आधुनिक एपॉक्सी निळसर-पांढरी चमकते. आणि शिवकालीन म्हणून दाखवलेल्या मुठीत फुलीचा स्क्रू निघाला तर चहा पिऊन घरी या, तो स्क्रूच १९३० च्या दशकात आलाय.

गंज बोटाला नारिंगी लागतोय आणि सगळीकडं सारखाच पसरलाय तर ॲसिड नाहीतर मिठाच्या पाण्याचा संशय घ्या. जौहरदार, म्हणजे अंगातच लाटांसारखी नक्षी असलेल्या पोलादाच्या नावाखाली ॲसिडनं उठवलेली नक्षी पण विकतात. आपल्या चादरीची डिझाइन विणलेली असते, छापलेली नसते, तसंच जौहर पोलादाच्या अंगातच असतोय, म्हणून तो पात्याच्या पाठीवर पण दिसतोय का बघा, नुसता दोन्ही बाजूंना असेल तर संशय घ्या. सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याची नक्षी, असेल तर झिजलेल्या जागी खाली बारीक आडव्या-उभ्या ओरखड्यांची जाळी दिसली पाहिजे, नुसता गुळगुळीत लोखंड दिसला तर वरचं सोनं म्हणजे रंग.

दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तूंना वेगळा नियम, तिथं पार्ट्स एकमेकांशी जुळतात का हे बघायचं. ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स खंजीर घ्या. १९४१ च्या पहिल्या पॅटर्नचा गार्ड (मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टी) एस आकाराचा, १९४३ च्या तिसऱ्या पॅटर्नची मूठ कड्या-कड्यांची, ओतीव मिश्रधातूची. एस गार्ड आणि कड्यांची मूठ एकाच खंजिरावर दिसली की कोणीतरी घरी बसून जुळवाजुळव केलीय. जर्मन खंजिरात तर अजून अवघड, युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या खऱ्या पार्ट्सपासून पण ती जोडली गेलीत, त्यामुळं एकेक पार्ट अस्सल निघतो आणि तरी पूर्ण खंजीर कुठल्या सैनिकानं कधी वापरलेलाच नसतो. शिक्के भिंगाखाली बघाच, ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू थोडा वर आलेला असतो, ओतीव कॉपीत अक्षरं बोथट आणि बारीक भोकं दिसतात.

कायद्याचं पण बघून ठेवा, ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येतं, म्हणून घ्यायच्या आधी पोलीस स्टेशनला विचारा. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, कोणी ऑनलाइन गिऱ्हाईक दाखवलं तर भुलू नका.

भाव ठरला की बिलावर स्पष्ट लिहून मागा, "पातं जुनं, मूठ नंतर बसवलेली" किंवा जे काय असेल ते. विकणारा लिहायला का कू करायला लागला तर निम्म्या भावावर या, नाहीतर सोडा.