जोडताऱ्यांचं वस्तुमान काढताना रेषांनी मला कसं गंडवलं

आवर्तकाळ आणि कक्षेचा आकार यांवरून वस्तुमान देणारा केप्लरचा तिसरा नियम तुम्हाला पाठ असेलच. व्याध या जोडताऱ्याचं गणितही केलं असेल: कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष 7.5 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), लंबन (ज्यावरून अंतर निघतं) 0.379 विकला, आवर्तकाळ 50 वर्षं, दोघांच्या वस्तुमानांची बेरीज सूर्याच्या तिप्पट. लंबनातली चूक तिथे घनात जाते, तेवढं सांभाळा.

मी अडकलो वर्णपटात. माझा जोडतारा म्हणजे सोपं प्रकरण वाटलं होतं. पिधानं होणारा, म्हणजे तारे एकमेकांना झाकणारे, वर्णपटात दोन्ही ताऱ्यांच्या रेषा दिसणाऱ्या (त्या किती सरकतात त्यावरून वेग कळतो), आवर्तकाळ 5 दिवस, कक्षा वर्तुळाकार. कक्षेचा कल जवळपास 90 अंश, म्हणजे ती आपल्याला कडेनं दिसणारी, त्यामुळे वस्तुमानात येणाऱ्या कलाच्या साइनच्या घनाची भानगडही मिटलेली. दोघांचा वेग-आयाम (वर-खाली होणाऱ्या वेगाची कमाल झेप) सेकंदाला 84 किलोमीटर आला, वस्तुमान प्रत्येकी 1.23 सूर्य. आलेख देखणा. पण वर्णपटाचा प्रकार सांगत होता की तारे याहून जड आहेत. दोन महिने मी तापमानावर, धुळीवर, कशाकशावर संशय घेतला. फक्त स्वतःच्या मोजणीवर नाही.

झालं होतं असं. युतीच्या, म्हणजे एक तारा दुसऱ्यासमोर येण्याच्या, आसपास दोन्ही ताऱ्यांच्या रेषा एकमेकींवर चढतात. पूर्ण चढल्या तर कळतं. अर्धवट चढल्या की क्रॉस-कोरिलेशनमध्ये (वर्णपट नमुन्याशी ताडून वेग काढण्याच्या रीतीत) शिखरं दोन दिसतात, पण दोन्ही माथे एकमेकांकडे सरकलेले असतात. प्रोग्राम तरीही वेग दोन दशांशांपर्यंत छापतो! असे बिंदू फिटमध्ये शिरले की आयाम आखडतो. ते वगळल्यावर माझा आयाम 90 झाला आणि वस्तुमान 1.51. फरक अवघा 6 किलोमीटरचा, पण वस्तुमान आयामाच्या घनानं वाढतं.

आमचे मार्गदर्शक 'एकही बिंदू टाकायचा नाही' या मताचे. कारण न देता टाकू नये, हे मान्य. पण वाईट बिंदू आदरानं जपण्यात काय शहाणपण?

निरीक्षणाच्या रात्री मागाल तेव्हा 0.25 आणि 0.75 फेजच्या (आवर्तनाच्या पाव आणि पाऊण टप्प्याच्या) मागा, तेव्हा रेषा एकमेकींपासून सर्वांत दूर असतात. झुकर आणि माझेह यांची 1994 ची टॉडकॉर पद्धत दोन नमुना-वर्णपट एकदम बसवते. जरूर वापरा, मात्र नमुना चुकला तर तीही गंडवते. सीनियरची आयती पाइपलाइन (मोजणीचा तयार प्रोग्राम) सुरुवातीला घेऊच नका. माझी आयतीच होती.

आणि घाबरू नका, ही चूक एका दुपारी पकडता येते. वेग ठाऊक असलेले दोन कृत्रिम वर्णपट बेरीज करून आपल्याच प्रोग्राममधून काढा. मी 90 घातले होते, बाहेर 84 च्या आसपास आले. त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली. तारे ठीक होते.